बिळातला क्रेफिश बाहेर कधी पडतो?

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, लॉब्स्टरचा धाकटा भाऊ शोभेल असा प्राणी. भारतीय उपखंडात तो मूळचा नाही. उत्तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मात्र त्याच्या शेकडो जाती आहेत. त्यातल्या काहींनी नदी-ओढ्यांशी जवळपास काडीमोडच घेतला आहे. ओलसर कुरणात, दलदलीत, जंगलाच्या उतारावर त्या जमिनीत बीळ खणतात आणि बहुतेक सगळं आयुष्य तिथेच काढतात. बीळ सहसा भूजलाच्या पातळीपर्यंत उतरतं. टास्मानिया आणि व्हिक्टोरियातल्या एन्जियस वंशातल्या काही जातींची बिळं तर तिथवरही पोचत नाहीत. झिरपून आलेल्या पावसाच्या पाण्यावरच त्यांचं भागतं. उकरलेल्या चिखलाच्या गोळ्या तोंडाशी रचल्या जाऊन धुराड्यासारखा मनोरा तयार होतो. आत एक प्राणी आहे याची बाहेरून दिसणारी खूण तेवढीच.

अन्नासाठी आणि जोडीदारासाठी मात्र बाहेर पडावंच लागतं. मग कधी पडायचं? ‘रात्री’ हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच.

कारण हा जमिनीवर फिरणारा प्राणी श्वास अजून कल्ल्यांनीच घेतो. कल्ले ओले असतील तोवर हवेतला ऑक्सिजनही त्याला घेता येतो. ते सुकले की खेळ संपला. त्यामुळे अंधारापेक्षाही हवा किती कोरडी आहे याला महत्त्व येतं. इथे हवामानाच्या बातम्यांतला आर्द्रतेचा टक्का फसवा ठरतो. समजा, दोन रात्री आर्द्रता ७० टक्केच आहे, पण एकीचं तापमान १० अंश सेल्सिअस आणि दुसरीचं ३० अंश. गरम हवेत बाष्प मावायला जागा जास्त, म्हणून दुसऱ्या रात्रीची हवा ओल्या पृष्ठभागावरून सुमारे साडेतीन पट जोराने पाणी ओढते. टक्का तोच, धोका निराळा.

पण थंडी वाढत गेली तर? क्रेफिश शीतरक्ती आहे, फार थंडीत त्याचं शरीरच मंदावतं. म्हणजे हवा ओलसर हवी आणि उबदारही. पावसाळी, उबदार रात्री हे दोन्ही जमून येतं. एरवी बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसायचं, आवाक्यात आलेला किडा किंवा गांडूळ नांगीत पकडायचं आणि मागे सरकायचं, हा शहाणपणाचा मार्ग. खोल मातीत तापमान फारसं हलत नाही, म्हणून हिवाळा आतच निभतो. (या सोयीचा फायदा इतरही उठवतात: उत्तर अमेरिकेतला मॅसासॉगा हा विषारी खुळखुळ्या साप क्रेफिशच्या बिळात शीतनिद्रा घेतो.)

या हालचाली टिपणं मोठं चिकाटीचं काम आहे. जंगलात लावले जाणारे नेहमीचे स्वयंचलित कॅमेरे हलत्या प्राण्याच्या शरीराची उष्णता ओळखून चालू होतात. क्रेफिशचं तापमान भोवतालच्या मातीइतकंच, त्यामुळे तो समोरून गेला तरी कॅमेरा ढिम्म. मग ठरावीक अंतराने फोटो काढत राहायचे आणि रिकाम्या फोटोंच्या ढिगाऱ्यातून तो शोधायचा. एखाद्या कोरड्या रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्याला एकही दिसणार नाही, आणि त्यावरून ‘इथे ही जात नाही’ अशी नोंद झाली तर ती साफ चुकीची असेल. नुसते मनोरे मोजूनही भागत नाही. सोडून दिलेल्या बिळावरही मनोरा काही काळ उभा राहू शकतो.