वाहन-उत्सर्जन मापन (महानगरांतील)

मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर वाहने प्रत्यक्षात किती व कोणते प्रदूषक सोडतात हे मोजण्याच्या, आणि शहराशहरांचे आकडे ताडून पाहण्याच्या पद्धती. मोजले जातात ते मुख्यतः नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि सूक्ष्म कण. चौकातले हवामापन केंद्र हे काम करत नाही. वाहनांचा धूर तेवढाच असला तरी वारा पडला की तिथला आकडा चढतो.

नव्या मॉडेलची चाचणी प्रयोगशाळेत, चाके रोलरवर ठेवून, ठरावीक वेगक्रमाने होते. युरोपातील जुना वेगक्रम फारच सौम्य होता. 2017 पासून त्याची जागा डब्ल्यूएलटीपी या, प्रत्यक्ष वाहतुकीच्या जास्त जवळ जाणाऱ्या चाचणीने घेतली. त्याआधी, सप्टेंबर 2015 मध्ये, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधले सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच उत्सर्जन आवरते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले. रस्त्यावर हेच उत्सर्जन मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जात होते. पुढे युरोपात गाडीच्या मागे उपकरण बसवून रस्त्यावरची चाचणीही सक्तीची झाली.

तरीही एकेक गाडी तपासून शहर कळत नाही. त्यासाठी दूरसंवेदन वापरतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस डेन्व्हर विद्यापीठात डोनाल्ड स्टेडमन व सहकाऱ्यांनी ते विकसित केले. रस्त्याच्या कडेने अवरक्त व अतिनील किरणांचा झोत धुराच्या नळीच्या उंचीवर आडवा सोडतात. गाडी गेली की मागे राहिलेल्या धुराचे मापन जेमतेम अर्ध्या सेकंदात उरकते, आणि कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. धूर हवेत किती पातळ झाला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रदूषकाचे कार्बन डायऑक्साइडशी असलेले गुणोत्तर घेतात, कारण दोन्ही सारखेच पातळ होतात. त्यावरून किलोभर इंधनामागे किती ग्रॅम प्रदूषक, हे निघते. वेग आणि प्रवेगही नोंदवावा लागतो: ऍक्सिलरेटरवरून पाय काढलेल्या गाडीचे मापन बाद करतात. उंच नळीच्या ट्रकांचा धूर मात्र झोताच्या वरूनच निघून जातो.

अशा मापनांत पुन्हा पुन्हा दिसते ते हे, की थोड्याच गाड्या एकूण धुरातला मोठा वाटा उचलतात. तेव्हा नुसती सरासरी बघणे भाबडेपणाचे. 2017-18 मध्ये लंडनला आणि 2018 मध्ये पॅरिसला झालेल्या मापनांत युरो 6 (युरोपीय संघाच्या उत्सर्जन मानकांचा सहावा टप्पा) डिझेल मोटारींची नायट्रोजन ऑक्साइडेही किलोमीटरमागे 80 मिलिग्रॅम या मर्यादेच्या कितीतरी वर आढळली.

तुलनेत खरा घोळ भाजकाचा, म्हणजे उत्सर्जनाला कशाने भागायचे याचा: किलोमीटरने, माणसांनी की प्रवाशांनी. एकूण उत्सर्जन काढताना वाहनांची संख्या, त्यांनी कापलेले अंतर आणि दर किलोमीटरचे उत्सर्जन यांचा गुणाकार करतात; अंतराचा अंदाज चुकला की सगळेच चुकते. दर किलोमीटरला स्वच्छ ठरलेले शहर दरडोई हिशेबात मागे पडू शकते, कारण तिथले लोक गाडीने जास्त फिरतात. बसची तुलना मोटारीशी करायची तर प्रवासी मोजायला हवेत, वाहने नव्हेत.

टायर आणि ब्रेक झिजून उडणारे कण धुराच्या नळीतून येतच नाहीत, त्यामुळे वरील बहुतेक पद्धतींतून ते निसटतात. विजेवरच्या गाड्याही ते सोडतात. 2024 मध्ये संमत झालेल्या युरो 7 नियमांत ब्रेकच्या कणांवर प्रथमच मर्यादा आली.