कळतं, पण वळत का नाही?

रूळ ओलांडताना जीव जाऊ शकतो, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. तरीही हाताशी पादचारी पूल असताना माणसं रुळांवर उतरतात. त्यांचं मत आधीच बरोबर असतं, त्यामुळे आणखी एक सूचनाफलक लावून फारसं काही साधत नाही.

एखाद्या गोष्टीकडे पाहण्याचा आपला बरा-वाईट कल, म्हणजे मानसशास्त्रातली अभिवृत्ती. कल बदलला की वागणं आपोआप बदलेल, असं अनेक वर्षं गृहीत धरलं जात होतं. १९६९ साली मानसशास्त्रज्ञ अॅलन विकर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कल आणि कृती यांतला सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर आढळला. सहसंबंध १ असेल तर दोन्ही गोष्टी अगदी हातात हात घालून चालतात, ० असेल तर त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. म्हणजे ०.३० हा आकडा फार आशादायक नव्हता.

गोम प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती. १९७९ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या स्त्रियांना संततिनियमनाबद्दल मत विचारलं, आणि दोन वर्षांत त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या का ते पाहिलं. सर्वसाधारण मताचा सहसंबंध निघाला जेमतेम ०.०८. ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः या गोळ्या घेणं तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारल्यावर तो ०.५७ वर गेला. कृती कोणती, कशाच्या बाबतीत, कुठे आणि कधी, हे चारही तपशील मत आणि वर्तन दोन्हींत जुळले, तरच मतावरून वागण्याचा अंदाज बांधता येतो. ‘व्यायाम चांगला’ हे मत म्हणूनच इतकं दुबळं ठरतं.

आता साकीनाक्यातला एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. ग्राइंडरवर काम करताना गॉगल लावायचा, हा नियम आहे आणि सुरक्षितता महत्त्वाची हे सगळ्यांना मान्य आहे, पण गॉगल कपाळावर. इथे भाषण देण्याआधी पाच-सहा कामगारांना वेगवेगळं गाठून तीन गोष्टी विचाराव्यात. शिफ्टभर गॉगल लावण्यात चांगलं काय, वाईट काय? कोणाला ते आवडेल, कोण हसेल? आणि नेमकं आडवं काय येतं? हे तीन धागे मानसशास्त्रज्ञ आइझेक आयझेन यांच्या सिद्धांतातले: कृतीकडे पाहण्याचा कल, आसपासच्या माणसांचा दबाव, आणि ‘हे मला जमेल’ ही खात्री. मुंबईच्या दमट हवेत उत्तर बहुधा तिसऱ्या धाग्यात सापडतं. काच धुरकट होते, कामाची रेघ दिसत नाही, माल बिघडला तर बोलणी खावी लागतात. अशा वेळी वाफ न धरणारी काच आणि मशिनलाच टांगलेला गॉगल दहा व्याख्यानांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फोरमन स्वतः गॉगल लावत नसेल, तर दुसरा धागा तिथेच तुटतो.

वडाळ्याजवळ २०१० च्या सुमारास रूळ ओलांडण्याच्या प्रश्नाकडे असंच पाहिलं गेलं. मोठी वस्तू आपल्याकडे येताना आहे त्यापेक्षा हळू भासते, त्यामुळे गाडीच्या वेगाचा अंदाज चुकतो. म्हणून रुळांखालचे ठरावीक अंतरावरचे आडवे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते गाडीखाली किती भराभर नाहीसे होतात यावरून वेग जाणवावा. एका लांब शिटीऐवजी दोन तुटक शिट्या द्यायला सांगितलं, कारण मधल्या शांततेने लक्ष लवकर वेधलं जातं.

मन वळलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. ४७ प्रयोगांचा एकत्रित आढावा सांगतो की इरादा बऱ्यापैकी बदलला, तरी वागण्यातला बदल त्याच्या साधारण निम्माच असतो. हे अंतर कमी करायला मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ योजना उत्तम. ‘रोज चालेन’ असं न ठरवता ‘संध्याकाळी दादरला उतरलो, तर आधी शिवाजी पार्कला एक फेरी, मगच घर’ असं लिहून काढायचं. ‘जर’मध्ये डोळ्यांना दिसणारी, ठरलेली घटना हवी. ‘वेळ मिळाला तर’ ही खूण नव्हे, ती पळवाट झाली. एका वेळी एकच योजना घ्यावी. चार-पाच योजना एकदम आखल्या की त्या एकमेकींच्या पायात येतात.

प्रवाह उलटाही वाहतो: वागण्यामुळे मत बदलतं. १९५९ च्या प्रसिद्ध प्रयोगात कंटाळवाणं काम ‘मजेचं होतं’ असं पुढच्या माणसाला सांगायला काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर ते काम खरंच बरं वाटू लागलं, ते १ डॉलरवाल्यांना. वीसवाल्यांकडे आपल्या बोलण्याचं कारण खिशातच होतं. कामाच्या ठिकाणी मोठं बक्षीस किंवा जबर दंड लावताना हे ध्यानात ठेवायला हवं: माणूस बक्षिसासाठी वागतो, तेव्हा ती कृती त्याला आपली वाटायची गरजच उरत नाही.

सवय जडायला २१ दिवस लागतात, या समजाने मात्र अनेकांची उमेद खचते. लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी रोज एक नवी कृती करून पाहिली. ती अंगवळणी पडायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्यामुळे खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर पुन्हा सुरू करावं. खाडे सारखेच पडू लागले, तर ‘जर’मधली घटना बदलून पाहावी: संध्याकाळच्या गर्दीने जीव मेटाकुटीला येत असेल, तर तीच फेरी सकाळच्या चहाला जोडावी.