दक्षिण आफ्रिका: कोठडीतल्या मृत्यूची जुनी चौकशी पुन्हा उघडायची तर

वर्णभेदाच्या राजवटीत कोठडीत माणूस दगावला की मृत्यूच्या कारणाची न्यायालयीन चौकशी (इन्क्वेस्ट) व्हायची आणि बहुतेकदा ‘आत्महत्या’ किंवा ‘अपघात’ लिहून फाइल बंद व्हायची. तो निकाल फिरवायला १९५९च्या इन्क्वेस्ट कायद्यात कलम १७अ आहे. मूळ चौकशी झालीच नसेल, तर मात्र हे कलम लागू होत नाही.

अर्ज न्यायमंत्र्यांना पाठवून वाट बघू नका. खटले चालवायचे की नाही हे ठरवणाऱ्या राष्ट्रीय अभियोग प्राधिकरणाची शिफारस आल्याशिवाय मंत्र्यांना पुढे जाता येत नाही. शिफारस मिळाली की ते उच्च न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांना विनंती करतात आणि न्यायाधीश नेमला जातो. तेव्हा अर्ज प्राधिकरणाकडेच द्या आणि पोच घ्या. तिथे प्रकरणं वर्षानुवर्षं धूळ खात पडली आहेत, पोचेशिवाय पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार?

मुदतीबद्दल फार गोंधळ आहे. ३० सप्टेंबर १९९७ ही वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांचं सत्य बाहेर काढण्यासाठी नेमलेल्या सत्य आयोगाकडे माफी मागणाऱ्या गुन्हेगारांची मुदत होती, मृतांच्या कुटुंबांची नव्हे. चौकशी केव्हाही उघडता येते. मारहाणीसारख्या गुन्ह्यांना वीस वर्षांची मर्यादा आहे, खुनाला नाही. संशयिताला माफी मिळाली होती का, हे मात्र आधी तपासा. मिळाली असेल तर त्या कृत्यासाठी खटला चालत नाही.

खरं घोडं अडतं ते जुन्या चौकशीच्या दप्तरावर. कायद्यानुसार नवी सुनावणी शक्यतो त्याच नोंदींवरून पुढे चालवायची असते, आणि नेमकी तीच पानं गहाळ असतात. दप्तर हरवलं सरकारनं, शोधायचं कुटुंबानं! अभिलेखागार, न्यायालय, त्या वेळच्या वकिलांची कार्यालयं, सगळीकडे विचारा. शवविच्छेदनाचा अहवाल आणि छायाचित्रं आधी मिळवा.

वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद तिमोल यांच्या प्रकरणात अशा पुराव्यांचंच मोल कळलं. १९७१ साली जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयात दहाव्या मजल्यावरच्या १०२६ क्रमांकाच्या खोलीतून त्यांनी उडी मारली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. कुटुंबानं खासगी तपासनीस लावला. पडण्याआधीच्या जखमा, पडण्याचा मार्ग आणि सोबत अटक झालेल्या सलीम एसॉप यांची साक्ष पुढे आली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयानं हा खून असल्याचा निष्कर्ष दिला.

पण निष्कर्ष म्हणजे शिक्षा नव्हे. खटल्याचा निर्णय पुन्हा प्राधिकरणाकडेच जातो. तिमोल प्रकरणात २०१८ मध्ये आरोप ठेवलेले माजी पोलीस झुआव रॉड्रिग्ज खटला रोखण्यासाठी कोर्टात झगडत राहिले आणि २०२१ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, वारले. म्हणून शिफारशीची वाट न बघता वयस्क साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं आजच करून घ्या.