आधीचे गुण कमी आठवतात

मनाची धारणा बदलली की पैसा येतो, असे सांगणाऱ्या समृद्धीच्या कोर्सचा सगळा डोलारा अनुभवकथनांवर उभा असतो. रविवारी सकाळी ९९ रुपयांच्या ऑनलाइन कार्यशाळेला बसले, तर पहिला तासभर शिकवणे असे फारसे नसतेच. एकामागून एक माणसे येऊन सांगतात की कर्ज फिटले, पगार वाढला, मनातली विपुलता जागी झाली. ही माणसे पढवलेली आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते त्यांतली बरीचशी प्रामाणिक असतात, आणि खरी पंचाईत तीच आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस यांनी १९८४ साली अभ्यासकौशल्यांच्या एका कोर्सविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सुरुवातीला आपल्या कौशल्यांना स्वतःच गुण दिले. मग काहींना कोर्स लगेच मिळाला आणि उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवले. शेवटी सर्वांना विचारण्यात आले, की तेव्हा तुम्ही स्वतःला किती गुण दिले होते? कोर्स केलेल्यांना आपले जुने गुण प्रत्यक्षात होते त्याहून कमी आठवले. प्रतीक्षायादीतल्यांच्या आठवणीत असा कल दिसला नाही. परीक्षेच्या निकालात कोर्सचा काहीच फायदा दिसला नव्हता, तरी काही महिन्यांनी कोर्सवाल्यांना आपला निकाल होता त्यापेक्षा चांगला आठवत होता. म्हणजे पुढची पायरी वर चढली नव्हती, मागची खाली सरकली होती.

अमेरिकेत अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली बाजारात मिळणाऱ्या ‘अंतर्मनाला ऐकू जाणाऱ्या’, म्हणजे कानाला जाणवणार नाहीत असे संदेश दडवलेल्या कॅसेट घेतल्या: काही स्मरणशक्तीच्या, काही आत्मसन्मानाच्या. निम्म्या कॅसेटवरची लेबले गुपचूप अदलाबदल केली. महिनाभर ऐकल्यावर चाचण्यांत कॅसेटमधल्या मजकुराचा काहीही परिणाम आढळला नाही. मात्र एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्यात सुधारणा जाणवली, आणि तीही लेबलावर जे छापले होते त्याच बाबतीत.

याशिवाय माणूस असा कोर्स घेतो केव्हा, हेही पाहावे लागते. धंदा बसलेला असतो, नोकरी गेलेली असते, थोडक्यात दिवस सर्वांत वाईट असतात, आणि तिथून परिस्थिती बहुधा थोडी सावरतेच. सर्दी ऐन भरात असताना काढा घेतला, की दोन दिवसांनी श्रेय काढ्याला जाते, तसेच हे. ज्यांचे काहीच सावरले नाही ते पडद्यावर बोलायला येत नाहीत. त्यांना सांगितले जाते की तुमच्या मनात अजून अडथळा आहे, आणि तो काढण्यासाठी पुढच्या, अधिक महागड्या पातळीचा कोर्स तयारच असतो. फायदा झाला तर तंत्र खरे आणि न झाला तर मन अपुरे, अशी मांडणी कोणत्याच पुराव्याने खोटी ठरू शकत नाही. शिकवणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी त्याने काही फरक पडत नाही.

खरी तपासणी फार अवघड नाही: आधीची मिळकत आणि कर्ज कागदावर नोंदवायचे, इच्छुकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून थांबवायचे आणि वर्षाने दोन्ही गटांचे आकडे ताडून पाहायचे. पण विकत घेणाऱ्याला असे काही विचारायला सवड मिळू नये, अशीही व्यवस्था असते. मी बसलो होतो त्या कार्यशाळेत ‘शेवटची पंधरा मिनिटे’ दाखवणारे घड्याळ पान पुन्हा उघडताच पुन्हा पंधरापासून सुरू झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मनाई केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न’च्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांच्या यादीत पहिला क्रमांक अशा खोट्या तातडीचाच आहे.