वनस्पतिजन्य द्रव्ये मेंदूतील ‘गंज’ पुसतात का?

वनस्पतींमधील पॉलिफेनॉल द्रव्ये मेंदूत शिरून तिथले मुक्त मूलक (पेशींना ‘गंजवणारे’ अतिक्रियाशील रेणू) टिपतात आणि पेशी वाचवतात, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात हे द्रव्य थेट पेशींवर ओतले जाते. शरीरात मात्र आतडे आणि यकृत त्याचे रूप पालटतात, रक्तात अत्यल्प उरते, आणि त्यातलेही बरेचसे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर रोखून धरतो. इतक्या तुटपुंज्या रेणूंनी मूलक वेचणे हिशेबात बसत नाही.

अधिक पटणारे स्पष्टीकरण असे, की हे रेणू पेशीला किंचित डिवचतात, त्यामुळे कीप-१ या प्रथिनाची पकड सैल होऊन त्याने धरून ठेवलेले एनआरएफ-२ हे प्रथिन केंद्रकात पोहोचते आणि ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे संरक्षक द्रव्य तयार करणारी जनुके जागी करते. म्हणजे बचाव पेशी स्वतःच करते, द्रव्य केवळ दार ठोठावते.

माणसांतला पुरावा मात्र रोडका आहे. अमेरिकेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३,०६९ जणांपैकी काहींना गिंको या झाडाच्या पानांचा १२० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, सुमारे सहा वर्षे दिली गेली. २००८ साली निष्कर्ष आला: स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातून मिळालेले गॅलँटामाइन हे औषध अल्झायमरमध्ये खरोखर वापरतात, पण ते अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे विघटन रोखून लक्षणे काही काळ सावरते, इतकेच.