न्गोरोंगोरो क्रेटर (टांझानिया): प्राणी आणि पक्षी

उत्तर टांझानियात, अरुशा शहरापासून गाडीने तीन-चार तासांवर न्गोरोंगोरो क्रेटर आहे. मुळात हा एक मोठा ज्वालामुखी, साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वी त्याच्या पोटातला लाव्हा रिकामा झाला आणि डोंगराचा माथा आतल्या आत बसला, त्यातून ही प्रचंड परात तयार झाली. तळ जवळपास २६० चौरस किलोमीटर, भोवतीचे कडे ६०० मीटर उंच. आपल्याकडे विवर म्हटलं की लोणार आठवतं, पण लोणार उल्केमुळे झालंय आणि त्याचा व्यास दोन किलोमीटरसुद्धा नाही, इथे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १६ ते १९ किलोमीटर अंतर आहे. १९५९ साली हा भाग सेरेंगेटी नॅशनल पार्कपासून वेगळा काढून न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र केलं, १९७९ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं.

तळावर मोठे प्राणी २५ हजारांच्या आसपास आहेत असं सगळीकडे सांगतात. विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण), झेब्रे, आफ्रिकन रानम्हशी, गॅझेल हरणं, सिंह, तरस, गेंडे, हत्ती, पाणघोडे, सगळं एका दिवसात दिसू शकतं, म्हणूनच टूरवाले ह्याला "सगळं एकाच जागी" म्हणून विकतात. पण खरं सांगायचं तर ह्या जागेची खरी गंमत इथे काय नाही त्यात आहे. जिराफ नाही. वर कड्यावर जिराफ आहेत, क्रेटरच्या बाहेर पश्चिमेच्या उतारावर तर रस्त्याला लागून दिसतात, पण खाली एकही नाही, कारण उतार फार तीव्र आणि खाली त्यांना चरायला हवी तशी झाडं कमी. इंपाला हरीण नाही, मगरही नाही. हत्ती आहेत पण जवळजवळ सगळे नर, तेही वयस्कर आणि लांबलचक सुळेवाले, माद्या आणि पिल्लांचे कळप वरच्या जंगलात राहतात आणि खाली क्वचितच येतात. तेव्हा "हत्तींचा कळप बघायचाय" म्हणून इथे जाऊ नका, त्यासाठी वाटेवरचं तारांगिरे नॅशनल पार्क बरं.

आणि हो, ग्रेट मायग्रेशन, म्हणजे सेरेंगेटीतल्या विल्डबीस्टच्या कळपांचं दरवर्षीचं स्थलांतर, तेही इथे नसतं. खालचे विल्डबीस्ट आणि झेब्रे बहुतेक कायमचे रहिवासी आहेत, पावसात थोडे कडा चढून बाहेर जातात तेवढंच. पाणी आटत नाही हे त्याचं कारण. ओलमोटी डोंगरावरून मुंगे नदी खाली येते, शिवाय न्गोइतोकितोकचा झरा आणि गोरिगोर, मांडुसी ह्या दलदली आहेत, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही हिरवं काहीतरी असतंच. विल्डबीस्टची पिल्लं फेब्रुवारीच्या आसपास जन्मतात, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळी, आणि तरसांची चंगळ होते.

इथलं सगळं गवताच्या उंचीवर चालतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९७४ पर्यंत क्रेटरच्या तळावर मसाई लोक गुरं घेऊन राहायचे, त्यांची गुरं चरायची, अधूनमधून ते गवत जाळायचे, त्यामुळे गवत आखूड राहायचं आणि आखूड गवत म्हणजे गॅझेल आणि विल्डबीस्टची मजा. मग सरकारने त्यांना तळावरून हलवलं. हेतू वन्यप्राण्यांसाठीच होता, पण झालं काय तर गवत वाढलं, राठ झालं आणि त्या राठ गवतावर म्हशी वाढल्या, अगोदर अगदी थोड्या होत्या त्या काही हजारांवर गेल्या, आणि विल्डबीस्ट नि गॅझेल कमी झाले. म्हशीबरोबर गोचीडही आले. माणूस काढला की निसर्ग आपोआप पूर्वीसारखा होतो असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावं. कड्यावर आणि बाकीच्या संरक्षित भागात मसाई अजूनही गुरं राखतात, पण २०२२ पासून त्यांना शेकडो किलोमीटर लांब हंदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेराला हलवणं सुरू आहे, सरकार ह्याला स्वेच्छेचं स्थलांतर म्हणतं, मसाईंचे बरेच नेते आणि मानवाधिकारवाले ते मानत नाहीत.

सिंहांची गोष्ट तर वेगळीच. १९६१-६२ ला बेफाम पाऊस झाला आणि त्यापाठोपाठ स्टोमॉक्सिस नावाच्या, चावून रक्त पिणाऱ्या माशीचा उद्रेक झाला. दिसायला घरमाशीच, पण चावून चावून सिंहांच्या अंगावर जखमा झाल्या, त्यांना शिकार जमेना, ते झाडावर चढायचे नाहीतर तरसांच्या बिळात घुसायचे. साठ-सत्तर सिंहांतले साधारण दहा उरले. नंतर बाहेरून काही नर आले, पण आजचे जवळजवळ सगळे सिंह त्या जेमतेम पंधराएक पूर्वजांचे वंशज आहेत. त्यामुळे आपापसातली पैदास खूप झाली आणि रोगांपुढे टिकाव कमी, २००१ ला पुन्हा आजाराने बरेच मेले. गिरच्या सिंहांबद्दल जी काळजी असते ना, तीच इथे, फक्त इथे जागा अजून लहान. त्यानंतर बाहेरचे नर सहसा येत का नाहीत तर आतले सिंह धष्टपुष्ट आणि संख्येने जास्त, नवख्याला टिकूच देत नाहीत. काळ्या आयाळीचे नर मात्र बघण्यासारखे, गाडीच्या सावलीत येऊन आडवे होतात, खुशाल, तेव्हा हात बाहेर काढायचा नाही हे सांगायला नको.

तरस म्हणजे मेलेलं खाणारा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हान्स क्रूक ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात इथे रात्र रात्र जागून बघितलं तर उलटंच निघालं, ठिपक्यांचे तरस बहुतेक खाणं स्वतः मारतात, आणि सकाळी पर्यटकांना मेलेल्या जनावरावर सिंह नि बाजूला ताटकळत तरस दिसतात तेव्हा बऱ्याचदा शिकार तरसांची असते, सिंहाने ती हिसकावलेली असते. तळावर तरसांचे आठ कळप आहेत, १९९६ पासून त्यांच्यावर सलग अभ्यास चालू आहे. कळपात मादीचं राज्य, पिल्लांना आईचा दर्जा मिळतो, आणि नर मोठा झाला की बहुतेक वेळा घर सोडून दुसऱ्या कळपात सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात करतो. आपल्याकडचं तरस पट्ट्यांचं आणि एकलकोंडं, त्याच्याशी ह्याची तुलना करू नये.

काळा गेंडा हे इथलं मुख्य आकर्षण. १९६०च्या दशकात शंभरावर होते, मग शिंगासाठी शिकार इतकी झाली की नव्वदच्या दशकात दहा-पंधराच राहिले. आता रेंजर चोवीस तास मागावर असतात आणि संख्या पुन्हा वाढलीय. पण दिसतो कसा हे आधीच सांगतो: लांब, खूप लांब, उन्हाच्या झळांत एक करडा ठिपका, ड्रायव्हर म्हणतो गेंडा, आपण म्हणतो दगड, मग त्याचे कान हलतात. गाडी रस्ता सोडून नेता येत नाही, त्यामुळे चांगली दुर्बीण नसेल तर गेंडा बघितला असं फक्त म्हणायचं.

बाकी चित्ता क्वचित, इतके सिंह-तरस असल्यावर त्याचं काय चालणार. बिबट्या कड्याच्या जंगलात आणि पिवळ्या खोडाच्या बाभळींच्या लेराई जंगलात असतो, दिसणं नशिबावर. दलदलीच्या कडेला सर्व्हल दिसतो, लांब पायांचं ठिपकेदार रानमांजर, सगळे सिंहाकडे पळत असताना हा निवांत उंदीर पकडत असतो. आणि ज्याला इतकी वर्षं सोनेरी कोल्हा म्हणायचे तो आपल्या कोल्ह्याचा भाऊ नसून लांडग्याच्या जवळचा निघाला, हे २०१५ ला डीएनएवरून कळलं.

आता पक्षी. टूरवाल्यांच्या पत्रकात ह्यांना एक ओळ असते, माझ्या मते अर्धा दिवस ह्यांच्यासाठीच ठेवावा. मगाडी हे तळावरचं खारं सरोवर, केनियातही ह्याच नावाचं एक आहे, ते वेगळं. इथे लेसर फ्लेमिंगो पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातात, ग्रेटर फ्लेमिंगो चिखलातले बारीक जीव. ठाण्याच्या खाडीत बघतो त्याच ह्या दोन जाती, फक्त इथले लेसर वीण घालायला नॅट्रॉन सरोवरावर जातात. पाणी कमी-जास्त झालं की थवे दुसऱ्या सरोवरावर निघून जातात, त्यामुळे कधी गुलाबी पट्टा तर कधी नुसतं पांढरं मीठ.

कोरी बस्टर्ड तर मराठी माणसाने खास थांबून बघावा, कारण हा आपल्या माळढोकाचाच सख्खा नातेवाईक. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसण्याची आशा आता सोडल्यातच जमा आहे, इथे मात्र हा गाडीपासून वीस-तीस पावलांवर चालत असतो. नर १५ किलोच्या वर जातो, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात वजनदार असलेल्यांपैकी. विणीच्या दिवसांत गळा फुगवून पांढरा गोल करतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो, पंख खाली ओढतो आणि खोल घुमणारा आवाज काढत हळूहळू चालतो, मादी बहुतेक वेळा दुसरीकडेच बघत असते.

मुकुटधारी क्रौंच जोडीने दिसतात, डोक्यावर सोनेरी काड्यांचा तुरा, युगांडाच्या झेंड्यावर आहे तोच, आणि एकूणच ह्यांची संख्या घटतेय. सेक्रेटरी बर्ड गवतात चालत साप लाथेने मारतो. शहामृगाच्या नराची मान आणि पाय विणीच्या काळात गुलाबी होतात. युरोपातून आलेले पांढरे करकोचे नोव्हेंबर ते मार्च दिसतात.

न्गोइतोकितोकच्या झऱ्याशी पाणघोडे आहेत आणि गाडीतून उतरायची परवानगीही आहे, पण तिथे पिवळ्या चोचीच्या घारी डब्यावर टपून असतात. सँडविच तोंडाशी नेईपर्यंत मागून येऊन उचलतात, नखं लागून बोट फाटू शकतं, जेवण गाडीत बसूनच करा.

कड्यावरचं जग निराळं, धुकं, दगडफुलाने लगडलेली झाडं, आणि तिथे तुराको नि सूर्यपक्षी, म्हणजे आपल्या शिंजिरांचे नातलग. कड्यावरच एक दगडी स्मारक आहे. मायकेल ग्रझिमेक सेरेंगेटीतले प्राणी विमानातून मोजत होता, जानेवारी १९५९ मध्ये त्याच्या विमानाला गिधाड धडकलं आणि तो गेला, वडील बर्नहार्ड १९८७ ला गेले, त्यांनाही त्याच्याच शेजारी ठेवलं.

जायचं असेल तर गेट सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी सहापर्यंत वर यावं लागतं, तळावर मुक्काम नाही. माणशी प्रवेशाशिवाय गाडीमागे क्रेटरचा वेगळा चार्ज असतो, तो पॅकेजमध्ये धरलाय का ते आधी विचारून घ्या. जून ते ऑगस्ट पहाटे चांगलीच थंडी असते, कडा २२०० मीटरच्या वर आहे, आफ्रिका म्हणून नुसते टी-शर्ट भरून गेलेले लोक हॉटेलची ब्लँकेटं गुंडाळून गाडीत बसलेले दिसतात.