बायोस फ्लॅश फसलं म्हणजे मदरबोर्ड गेला?

बायोस म्हणजे संगणक चालू होताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम. त्याचं अपडेट, म्हणजेच फ्लॅश, अर्ध्यात थांबलं, स्क्रीन काळी, फक्त पंखा फिरतोय. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: 'सीमॉस सेल (मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी) काढून परत बसव' किंवा 'मदरबोर्डच बदल'. दोन्ही वर्षानुवर्षं फिरताहेत आणि दुसऱ्यापायी कितीतरी चांगले बोर्ड भंगारात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सेल काढल्यानं फार तर घड्याळ आणि सेटिंग्ज पुसल्या जातात. फर्मवेअर, म्हणजे बायोसचा प्रोग्रॅम, असतं बोर्डावरच्या छोट्या, बहुधा आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये, आणि तिला मजकूर टिकवायला वीज लागतच नाही. त्यामुळे बिघडलेलं फर्मवेअर सेल काढूनही बिघडलेलंच राहतं.

बऱ्याच लॅपटॉपांत बूट ब्लॉक, म्हणजे फर्मवेअरचा सगळ्यात आधी चालणारा छोटा भाग, शाबूत राहतो. तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून योग्य नावाची बायोस फाइल उचलतो. एचपीच्या अनेक मॉडेलांत विंडोज आणि बी या कळा दाबून धरून पॉवर बटण दाबतात. डेलच्या अनेक मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडतात.

तेही चाललं नाही तर चिपच्या पायांना लावायची क्लिप आणि चिपमधला मजकूर थेट वाचणारं-लिहिणारं उपकरण, म्हणजे प्रोग्रॅमर. आधी बॅटरी, चार्जर काढा. चिप ३.३ व्होल्टची की १.८ची, हे तिच्यावरच्या क्रमांकावरून पक्कं करा. मग जुना मजकूर दोनदा वाचून जुळवा आणि जपून ठेवा. अनेकदा सिरियल नंबर त्यातच असतो, म्हणून कंपनीची फाइल सरळ त्याच्यावर लिहू नका.